विरेचन की सांडवा? : दुःखधारणेच्या रूपबंधांविषयी

१

शोकात्म साहित्याचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : दुःखाचे चित्रण वाचून वाचकाला आनंद कसा होतो? न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना, करुणरसाच्या आस्वाद्यतेविषयी त्यानंतर दीर्घकाळ चाललेला वाद आणि ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’साठी रूढ झालेली ‘विरेचन’ ही संज्ञा हे सारे त्या एकाच प्रश्नाच्या शोधाचे टप्पे होत. या संपूर्ण चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. दुःख भोगणारा आणि त्या दुःखाचा आस्वाद घेणारा या दोन भिन्न व्यक्ती असतात. पहिला रंगमंचावर वा पृष्ठावर असतो, दुसरा सुरक्षित अंतरावर असतो, आणि सिद्धान्त सांगायचा तो या दुसऱ्याविषयी.

मराठी वाङ्मयपरंपरेचा फार मोठा भाग मात्र या गृहीतात बसत नाही. जात्यावरची ओवी, संतांचे आत्मपर अभंग, स्त्रियांची आणि दलितांची आत्मकथने यांत भोगणारी व्यक्ती आणि बोलणारी व्यक्ती एकच असते. कित्येकदा पहिला श्रोताही तीच असते. दुःखाच्या लोंढ्याने माणूस वाहून जाण्याची वेळ आली असता ते शब्दांच्या आधाराने कसे उभे राहते, हा येथला खरा प्रश्न आहे. तो आस्वादाचा नसून धारणेचा आहे. आणि त्याच्यासाठी समीक्षेने स्वतंत्र परिभाषा घडविलेली नाही. ती उणीव व्यवहारातल्या शब्दप्रयोगांनी भरून काढली जाते. ओवी गाणारी स्त्री ‘मन मोकळे करते’, आत्मकथन लिहिणारी ‘दुःखाला वाट करून देते’, तिचे लेखन हा ‘सहजोद्गार’ ठरतो.

हे शब्दप्रयोग वरकरणी निरुपद्रवी, किंबहुना सहानुभूतीचे वाटतात. तथापि त्यांच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. दुःख हे आत साचलेले द्रव्य आहे, बोलणे म्हणजे ते बाहेर टाकणे, आणि बाहेर टाकले की माणूस हलका होतो, असा तो सिद्धान्त. तो स्वीकारला की बोलणारी व्यक्ती रुग्ण ठरते आणि तिची संहिता रोगाचे लक्षण. रचना, निवड, संयम, विनोद यांचे श्रेय तिला देण्याचे कारणच उरत नाही. ओकारी सुबक होती असे कोणी म्हणत नाही. म्हणून ‘विरेचन’ ही संकल्पना या साहित्याला लागू पडते काय, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

२

‘काव्यशास्त्रा’च्या सहाव्या प्रकरणात शोकात्मिकेची व्याख्या करताना ॲरिस्टॉटलने ‘कॅथार्सिस’ हा शब्द योजला आणि तेथे त्याचे स्पष्टीकरण मात्र दिले नाही. ‘राज्यशास्त्रा’च्या आठव्या खंडात संगीताच्या संदर्भात तो पुन्हा येतो. या शब्दाचा अर्थ शुद्धी की रेचन, हा वाद शतकानुशतके चालला. १८५७ मध्ये याकोब बर्नेस या जर्मन अभ्यासकाने त्याचा वैद्यकीय अर्थ आग्रहाने पुढे मांडला आणि आधुनिक चर्चेला तीच दिशा मिळाली. मराठीत १९५७ साली गो. वि. करंदीकर यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आले. ‘विरेचन’ ही संज्ञा तर थेट आयुर्वेदाच्या पंचकर्मांतली. अशा रीतीने ग्रीक शब्दातील संदिग्धता मराठीत येताना बरीचशी नाहीशी झाली आणि उरला तो देहातून दोष काढून टाकण्याचा व्यवहार.

पंचकर्मांतील विरेचनाची काही लक्षणे येथे ध्यानात घ्यावयास हवीत. जे बाहेर टाकायचे ते दोषरूप असते. औषध देणारा वैद्य रुग्णाहून वेगळा असतो. क्रियेला निश्चित शेवट असतो, आणि ती यशस्वी झाली तर ती पुन्हापुन्हा करावी लागत नाही. आता ही लक्षणे जात्यावर बसलेल्या स्त्रीला लावून पाहावीत. तिचे मूल गेले आहे, किंवा माहेर तुटले आहे, किंवा सासरी रोजचा जाच आहे. यांपैकी कोणतेही दुःख हा तिच्या ठिकाणचा दोष नाही. तिला औषध देणारा वैद्य नाही. आणि मुख्य म्हणजे, ती उद्या पहाटे पुन्हा जात्यावर बसणार आहे, पुन्हा गाणार आहे, आणि हे वर्षानुवर्षे चालणार आहे. गाण्याने दुःखाचा निचरा होतो असे मानले तर प्रत्येक नवी पहाट ही आदल्या दिवशीच्या अपयशाची साक्ष ठरेल. हजारो पहाटा अपयशी ठरलेली चिकित्सा स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरली असे म्हणणे तर्काला सोडून आहे. तेव्हा त्यांना तिच्यापासून मिळत होते ते काही वेगळे असले पाहिजे.

आधुनिक मानसशास्त्रातही निव्वळ रेचनाची कल्पना पूर्वीच्या सोपेपणाने टिकलेली नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील आघातांविषयी लिहावयास सांगितले. लिहून झाल्यावर त्यांची मनःस्थिती लगेच सुधारली नाही, उलट तात्पुरती खालावली. मात्र आघाताची घटना आणि भावना ही दोन्ही ज्यांनी लिहिली त्यांना पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्राकडे कमी वेळा जावे लागले. पुढील संशोधनात हा परिणाम माफकच असल्याचे आणि लाभाचा संबंध भावना ओतण्यापेक्षा अनुभवाची संगती लागण्याशी अधिक असल्याचे दिसून आले. याउलट तेच दुःख मनात घोळवत बसण्याने खिन्नता लांबते, हे सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९९१ पासूनच्या आपल्या लेखनातून मांडले. बोलणे आणि घोळवणे यांत फरक आहे. आणि तो फरक रचनेचा आहे. मानसशास्त्राला लागलेला हा शोध साहित्यविचाराला नवा वाटू नये. त्याची एक नेमकी मांडणी आपल्या परंपरेत आठव्या शतकातच झालेली आहे.

३

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक ‘छायांक’ म्हणून ओळखला जातो. सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीता तेथेच आहे, पण अदृश्य. ती रामाला पाहू-ऐकू शकते, रामाला ती दिसत नाही. अंकाच्या आरंभी मुरला ही नदीदेवता रामाच्या शोकाचे वर्णन करताना पुटपाकाची उपमा देते. पुटपाक म्हणजे तोंड लिंपून बंद केलेल्या पात्रात औषध भाजण्याची क्रिया. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र दाह चालू असतो. राजधर्माने बांधलेल्या रामाला शोक प्रकट करण्याची मुभा नाही. त्याचे गांभीर्य हेच त्याच्या पात्राचे लिंपलेले तोंड आहे.

त्याच अंकात पुढे, पूर्वपरिचित स्थळे पाहून रामाचा बांध फुटू लागतो तेव्हा तमसा ही दुसरी नदीदेवता सीतेला धीर देते. तिच्या बोलण्याचा आशय असा : तलावाला पूर आला की जादा पाण्याला वाट करून देणे हाच उपाय, तसे शोकाने क्षुब्ध झालेले हृदय विलापानेच सावरले जाते. येथे भवभूतीने योजलेले दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पाण्याच्या वाटेला तो ‘परीवाह’ म्हणतो आणि हृदयाच्या संदर्भात ‘धारण’ या अर्थाचे क्रियापद वापरतो. हृदय विलापाने रिकामे होते असे तो म्हणत नाही. ते धरले जाते, टिकते, असे म्हणतो.

परीवाहाला मराठीत अगदी घरचा शब्द आहे : सांडवा. तलावाच्या किंवा धरणाच्या बांधाला ठरावीक उंचीवर ठेवलेली ही वाट. सांडव्याचे कार्य पाहिले की विरेचनाहून त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. सांडवा तळे रिकामे करीत नाही. त्याच्या पातळीखालचे सगळे पाणी तळ्यातच राहते, कारण ते पाणी हा दोष नसून तळ्याचे असणेच आहे. तो केवळ बांधाला धोका पोचविणारा जादा भाग वाहू देतो. दुसरे असे की सांडवा पूर येण्याआधी बांधलेला असावा लागतो. पूर आल्यावर पाणी स्वतः वाट काढते तिला सांडवा म्हणत नाहीत, खिंडार म्हणतात. तिसरे, सांडव्याची उंची मोजून ठरवावी लागते. ती फार खाली असेल तर तळे भरतच नाही, फार वर असेल तर बांध राहत नाही. आणि चौथे, सांडव्यावरून गेलेले पाणी कोठे तरी पोचते. खाली ओढा असतो, शेत असते. छायांकात रामाचा विलाप अदृश्य सीतेपर्यंत पोचतो आणि आपला त्याग निष्प्रेमातून झाला नव्हता हे तिला कळते. रामाला ती ऐकते आहे याची कल्पना नाही, पण नाट्याचे पुढील सारे चलन त्या ऐकण्यावर उभे आहे.

पूर्वसिद्ध रूप, मोजलेली मर्यादा, शाबूत राहिलेला बांध आणि पाणी पोचण्याचे ठिकाण, ही चार लक्षणे हाताशी धरून आता मराठीतील दोन अगदी भिन्न रचनाप्रकारांकडे वळता येईल.

४

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्यविषयक कार्यापर्यंत आणि इंदिरा संत यांच्या ‘मालनगाथे’पर्यंत अनेकांनी केले. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील सुमारे ११०० गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढ्या विपुल सामग्रीचा अभ्यास बहुधा आशयाच्या अंगाने झाला : माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरी अशा वर्गवारीने. ओवीचे कार्य कळावयाचे तर आशयाइतकेच तिच्या प्रसंगाकडे आणि बांधणीकडे पाहणे आवश्यक आहे.

जात्याच्या मुखात दाणे घालण्याला ‘वैरण’ म्हणतात. वैरण मुठीने घातली जाते. एकदम फार दाणे घातले तर पीठ होत नाही, भरड होते, आणि जाते जड चालते. ओवीची बांधणी या मुठीशी नाते सांगणारी आहे. साधारणतः दोन चरणांत, क्वचित तीन-चार चरणांत, ओवी पुरी होते. तेवढ्या अवकाशात एकच गोष्ट मावते : भावाची वाट पाहणे, लेकीची पाठवणी, एखादा टोचलेला शब्द. आयुष्यभराचा सासुरवास एका ओवीत येत नाही, येऊ शकत नाही. तो मूठमूठ येतो. समग्र दुःख असह्य असते ते त्याच्या समग्रतेमुळे. ओवी त्याचे तुकडे करते, आणि प्रत्येक तुकडा एका घेरात दळला जाईल एवढाच ठेवते. येथे मर्यादा ही रूपबंधातच आहे.

ही मर्यादा प्रसंगातही आहे. दळणाला आरंभ असतो आणि शेवट असतो. पहिली, दुसरी, तिसरी असे मोजत ओव्या देवादिकांना वाहण्याचा संकेत आरंभ निश्चित करतो. सूप रिकामे झाले की गाणे थांबते. उजाडल्यावर पाणी, चूल, शेत यांची रांग लागलेली असते. दुःखाला दिवसातला एक ठरावीक प्रहर आणि ठरावीक काम जोडून दिलेले आहे. त्यामुळे ते दिवसभर नाकारले जात नाही आणि दिवसभर पसरूही दिले जात नाही. घोळवणे आणि गाणे यांतला फरक हाच. घोळवण्याला सूप नसते.

ओवीचे रूप पूर्वसिद्ध आहे. ज्या स्त्रीवर आज आघात झाला तिला ते आज शोधावे लागत नाही. आईच्या मांडीवर झोपेत ऐकल्यापासून ते तिच्या कानात आहे. दुःखाने माणसाची भाषाच जाते, नेमक्या त्या वेळी परंपरेने घडविलेले शब्द, संबोधने, यमके उपयोगी पडतात. आधुनिक समीक्षेने संकेतबद्धतेला बहुधा उणेपण मानले, कारण तिची अपेक्षा स्वतंत्र अभिव्यक्तीची होती. धारणेच्या दृष्टीने पाहिले तर संकेत हा बांधून ठेवलेला सांडवा आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाणारी स्त्री स्वतःचे नाव न घेता स्वतःविषयी गाऊ शकते. ज्या घरात तिच्या तक्रारीला जागा नाही त्या घरात सीतेच्या तक्रारीला जागा असते.

आणि ओवीला ऐकणारे असते. जात्याच्या खुंट्याला समोरून दुसरा हात लागलेला असतो, जावेचा, नणंदेचा, शेजारणीचा. एकटी असेल तर जाते स्वतःच श्रोता होते. त्याला देव मानून त्याच्यापाशी मनातले सांगण्याचा संकेत ओव्यांत सर्वत्र आढळतो. विठ्ठल जनीला दळू लागतो ही आख्यायिकाही याच ठिकाणी अर्थपूर्ण ठरते. तिच्यात विठ्ठल जनीचे दळण नाहीसे करीत नाही. तो खुंट्याला हात लावतो. परमेश्वराकडे मागितलेली ही मदत चमत्काराची कमी आणि सोबतीची अधिक आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडोपाडी पिठाच्या गिरण्या पोचल्या आणि कष्टांतून स्त्रीची मोठी सुटका झाली. त्या सुटकेबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. तथापि श्रम गेले तेव्हा त्या श्रमांना जोडलेला प्रहर, सोबतीण आणि रूपबंध हेही गेले, आणि त्यांच्या जागी काय आले हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासात पुरेसा विचारला गेलेला नाही.

५

ओवीत रूपबंध परंपरेने हाती दिलेला असतो. जेथे परंपरेचा आधार तुटलेला आहे तेथे तो व्यक्तीला स्वतः घडवावा लागतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. विशेष म्हणजे या ग्रंथात एकाच आघाताला दिलेले दोन प्रतिसाद शेजारी शेजारी आलेले आहेत.

ग्रंथाचा आरंभ लक्ष्मीबाईंच्या जन्मापूर्वीच्या घटनेपासून होतो. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे. त्यातून मीठही सुटले नाही. मराठी वाचकाला हा भाग त्यातील विनोदामुळे लक्षात राहतो. पण या सोवळ्याची रचना नीट पाहिली तर ती भवभूतीच्या पुटपाकाची आहे. ज्या मृत्यूविषयी बोलता येत नाही त्याच्याऐवजी वस्तू धुतल्या जातात. धुण्याला मर्यादा नाही, कारण धुतलेले पुन्हा विटाळते. सूप रिकामे होण्याचा क्षण येथे कधीच येत नाही. बांध दिवसेंदिवस उंच केला जातो, सांडवा मात्र ठेवलेला नाही. आणि या बांधाचे ओझे ज्याचा बांध आहे त्याच्यावर पडत नाही. ते घरातील बायकामुलांवर पडते. एका पुरुषाच्या भयाचे काम सारे घर करते.

आघाताला दिलेला प्रतिसाद स्वस्थ की अस्वस्थ हे ओळखण्याची एक खूण या प्रसंगातून हाती लागते. ‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपल्या ठायी असलेला’. मराठीत तो घसरत ‘निवांत’, ‘निष्क्रिय’ इथपर्यंत आला, आणि ‘स्वस्थ बसणे’ म्हणजे काहीच न करणे असे झाले. मूळ अर्थाने पाहता, ज्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते तो सावरण्याचा मार्ग स्वस्थ नव्हे. सोवळे पाळणारा आपल्या ठायी नाही. तो घरभर पसरलेला आहे.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या वाट्याला आलेले आघात कमी नव्हते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढील काही वर्षांच्या ताटातुटीत, नवरा जिवंत असून संसार नाही, अशा स्थितीत त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नंतर त्या टिळकांकडे गेल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या जगात ओवी गायली जाते, व्रते-उद्यापने होतात, हळदीकुंकवाला बोलावणे येते, ते जग त्यांच्यापासून दूर झाले. रूपबंध देणारी परंपराच हातून निसटली असता त्यांनी जे रूप घडविले ते ग्रंथाच्या नावातच सांगितलेले आहे. हे ‘चरित्र’ नाही, ‘चित्रे’ आहेत. आयुष्य अखंड कथा म्हणून सांगण्याऐवजी त्यांनी ते छोट्या, स्वयंपूर्ण प्रसंगांत सांगितले. प्रत्येक चित्राला चौकट आहे. चौकटीबाहेरचे दुःख नाकारलेले नाही, परंतु ते एकदम आतही येऊ दिलेले नाही. ओवीने मूठ ठरवावी तशी येथे चौकट ठरलेली आहे.

‘स्मृतिचित्रां’तील विनोदाची चर्चा पुष्कळ झाली. तो प्रसन्न आहे, निर्विष आहे, स्वतःकडेही वळणारा आहे, हे सारे खरे. परंतु त्या विनोदाचे नेमके स्थान कोठे आहे हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. आजोबांच्या फाशीवर लक्ष्मीबाई हसत नाहीत. वडिलांच्या भयावरही नाही. हसू येते ते धुतलेल्या मिठापाशी, म्हणजे दुःखाने मर्यादा ओलांडून जेथे हास्यास्पद रूप घेतले तेथे. टिळकांच्या बाबतीतही असेच आहे. त्यांच्या धर्मनिष्ठेची, काव्याची, औदार्याची थट्टा होत नाही. त्यांच्या विसरभोळेपणापायी, तापटपणापायी, घरात उद्यासाठी काही न उरू देणाऱ्या दानशूरतेपायी जे प्रसंग ओढवतात त्यांची होते. पाण्याची पातळी कोठपर्यंत दुःख म्हणून ठेवायची आणि कोठून पुढे सांडू द्यायची, याचा अचूक अंदाज या निवेदनाला आहे. हा विनोद दुःखावरचा उतारा नाही. त्याने दुःख कमी झालेले दिसत नाही. दुःखासह घर चालू राहिलेले दिसते.

या लेखनाला ‘सहजोद्गार’ म्हणण्यातील अन्याय येथे उघड होतो. लेखिकेचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, भाषा घरगुती होती, म्हणून रचना आपोआप झाली असा निष्कर्ष काढला गेला. घटनांपासून कित्येक वर्षांच्या अंतरावर, टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतर, उतारवयात लिहिलेल्या गद्यात हसण्याची जागा इतक्या सातत्याने अचूक येत असेल तर तो उद्गार नव्हे, निर्णय आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेऊन पूर्ण करणाऱ्या स्त्रीला रचनेचे भान नव्हते असे मानणे कठीण आहे.

६

सांडव्याच्या या उपमेवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. सांडव्याने वाचतो तो बांध. मग हा बांध म्हणजे प्रस्थापित व्यवस्थाच नव्हे काय? स्त्रीला पहाटे दोन घटका रडू दिले की दिवसभर ती मुकाट राबते. सबब ओवी ही सासुरवास टिकविणारी सोय आहे. मॅक्स ग्लकमन यांनी १९५० च्या दशकात आफ्रिकेतील विधींविषयी अशा स्वरूपाची मांडणी केली होती : विधीत परवानगीने केलेले बंड अखेर व्यवस्थेलाच बळकटी देते. हा आक्षेप झटकून टाकता येण्याजोगा नाही. असंख्य ओव्या सोसण्याच्या उपदेशावर संपतात, आणि त्या गाणाऱ्यांची सासुरवासातून सुटका ओवीने झालेली नाही. सावरण्याच्या मार्गाचे कौतुक करताना, मुळात सावरावे का लागले, पाणी कोठून आले, हा प्रश्न मागे पडत असेल तर ती समीक्षा अन्यायाची भागीदार होते.

परंतु आक्षेपात दोन बांधांची गल्लत आहे. एक बांध व्यवस्थेचा, दुसरा माणसाच्या स्वत्वाचा. सांडवा वाचवितो तो दुसरा. पहिला टिकला म्हणून दुसरा टिकतो असे नाही. उलट पहिला मोडायचा असेल तर दुसरा शाबूत असावाच लागतो. वाहून गेलेले माणूस बंड करू शकत नाही.

याचा पुरावा ओवीच्याच इतिहासात आहे. प्वातवां-राईरकर यांच्या संग्रहात बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांची संख्या लक्षणीय आहे. त्यांतील काही १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झाल्या. तेच जाते, तीच पहाट, तोच दोन चरणांचा बांधा, देवाला पहिली ओवी वाहण्याचा तोच संकेत. पण आता ती पहिली ओवी जिला वाहिली जाते ती व्यक्ती बदलली आहे. भावाच्या वाटेकडे डोळे लावण्याच्या जुन्या ओवीतील भावाच्या जागी बाबासाहेब येतात. शतकानुशतके सोसणे धारण केलेल्या रूपबंधाने स्वाभिमानही त्याच सहजतेने धारण केला. सांडव्याचे पाणी कोणत्या शेतात जाईल हे सांडवा ठरवीत नाही. पण पाणी साठलेले असेल तरच कोठल्याही शेतात जाईल.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चा इतिहास याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवितो. हे लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ते त्यांना घरच्यांपासून, मुख्यतः पतीपासून, लपवून ठेवावे लागले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. दुकान सांभाळता सांभाळता लिहिलेल्या वह्या लपविण्याची ही वीस वर्षे विरेचनाच्या कल्पनेत मुळीच बसत नाहीत. लिहून मोकळे होणे एवढाच हेतू असता तर वह्या जाळूनही तो साधला असता. त्या जपून ठेवल्या गेल्या, कारण लिहिलेले कोठे तरी पोचायचे होते. आणि पोचले तेव्हा त्यातले दुःख एका स्त्रीचे राहिले नव्हते. ‘आमुचं’ हे सर्वनाम शीर्षकातच आहे. लेखिकेने स्वतःच्या संसारातील दुःख बहुतांशी बाजूला ठेवून समाजाचे जिणे सांगितले, ही निवडही लक्षात घ्यावयास हवी. काय सांडू द्यायचे आणि काय तळ्यात ठेवायचे हा अधिकार येथेही बोलणारीकडे आहे. ते ठेवलेले उकरून काढणे हे समीक्षेचे काम नव्हे.

७

या विवेचनाचा आशय उपमेच्या सोयीपुरता मर्यादित नाही. समीक्षक कोणती संज्ञा वापरतो यावर दुःख सांगणाऱ्या व्यक्तीचे वाङ्मयातील स्थान अवलंबून असते. विरेचनाच्या परिभाषेत ती रुग्ण असते आणि तिच्याविषयी विचारण्याजोगा प्रश्न एकच : तिला बरे वाटले काय? सांडव्याच्या परिभाषेत ती बांधणारी असते आणि तिला विचारण्याजोगे प्रश्न अनेक होतात. हे रूप तिला कोणी दिले, की तिने घडविले? मर्यादा कोठे ठेवली? त्या मर्यादेखाली काय राहिले? ऐकणारे कोण होते? तिच्या सावरण्याचा भार कोणावर पडला?

हे प्रश्न आजच्या लेखनाला लावून पाहण्याची निकड आहे. आघाताचे, नैराश्याचे, शोषणाचे अनुभव सांगणारे लेखन आज विपुल आहे. त्याचे स्वागत बहुधा ‘धाडसी’, ‘प्रांजळ’, ‘मोकळे’ या विशेषणांनी होते. ही विशेषणे बांध किती खाली गेला आहे तेवढेच मोजतात. जितके अधिक सांगितले तितके अधिक प्रामाणिक, अशी एक अपेक्षा त्यातून लिहिणाऱ्यावर लादली जाते, आणि न सांगितलेले हे दडपलेले ठरते. ओवी, ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘जिणं आमुचं’ यांची साक्ष वेगळी आहे. तिन्ही ठिकाणी जे सांगितले त्याच्या मागे न सांगितलेल्याचा मोठा साठा जाणवतो, आणि सांगितलेल्याला वजन येते ते त्या साठ्यामुळे.

भवभूतीच्या तमसेने सीतेला सांगितलेल्या गोष्टीत सांत्वन आहे, पण आश्वासन नाही. पाणी ओसरेल असे ती म्हणत नाही. बांध टिकेल एवढेच म्हणते. आघाताखाली दबलेल्या माणसाला साहित्याने देण्याजोगे तेवढेच असते, आणि जात्याभोवतीच्या हजारो पहाटा पाहता, ते पुष्कळ असते.